एका लॉनवरचे दोन रोग : मालवण तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या एका घरगुती न्याहरी-निवासाचं आहे. मालक जोडपं मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेलं. घर सड्याच्या उतारावर आहे. समोर समुद्र दिसतो, मागे हापूसची जुनी कलमं आणि खालच्या अंगाला पोफळीची बाग. राहायला चार खोल्या आणि अंगणापुढे आठ गुंठ्यांचं लॉन. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं यांसाठी ते भाड्याने द्यायचं होतं, आणि खोल्यांपेक्षा जास्त भरवसा त्या उत्पन्नावरच होता. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन मुहूर्तांचा विसार मे महिन्यातच घेऊन झाला होता. माणसं आणि गाव ओळखू येऊ नयेत एवढेच तपशील मी बदलले आहेत.

लॉन मार्चमध्ये लागलं. जांभ्याच्या कातळावर बाहेरून आणलेली तांबडी माती ओतली, जेमतेम पाच इंच. ती रोलरने घट्ट दाबली आणि वर मेक्सिकन गवताच्या लाद्या बसवल्या. बाजारात ज्याला मेक्सिकन म्हणतात ते झोयसियाच्या जातकुळीतलं गवत. पातं बारीक, वाढ दाट, पायाखाली गादीसारखं. उन्हाळ्यात ते सुरेख धरलं. लॉनचा उतार खालच्या कोपऱ्याकडे होता. त्या बाजूला पूर्वी गडगा, म्हणजे सिमेंटाशिवाय रचलेला सुक्या दगडांचा बांध होता. लॉनच्या कामात तो पाडून सिमेंटात बांधलेली चिऱ्यांची भिंत आली. दिसायला छान, सरळ. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती माझ्या लक्षात यायला तीन आठवड्यांहून जास्त वेळ गेला.

देखभाल ठेकेदाराच्या माणसाकडे होती. दर पंधरा दिवसांनी युरिया, आठवड्यातून दोनदा कापणी, तीही पाऊण-एक इंचावर. जून लागला, पाऊस सुरू झाला, तरी वेळापत्रक तेच राहिलं.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाईंनी मला फोटो पाठवले. आंब्याखाली गवताला गोल डाग पडले होते. काही ताटाएवढे, एक-दोन परातीएवढे, मध्ये भुरकट आणि कडेला तांबूस. दुसऱ्या फोटोत खालच्या कोपऱ्यातलं गवत पिवळं दिसत होतं. मी दोन्ही फोटो एकाच नजरेने बघितले. बुरशी आहे, कार्बेन्डाझिम एक लिटर पाण्याला एक ग्रॅम घेऊन दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, असं फोनवर सांगितलं. वर आणखी सांगितलं, की मधल्या दिवसांत ट्रायकोडर्माही टाका, जमिनीला चांगला.

हा सल्ला दोन ठिकाणी चुकला होता. फोटोवरून औषध सांगितलं ही पहिली चूक. दुसरी जास्त गंभीर. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिमपुढे ती टिकत नाही, अगदी थोड्या मात्रेतही नाही. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने मारायचं, असा तो सल्ला झाला. तालुक्याच्या गावातून आणलेली चार किलो ट्रायकोडर्मा पावडर वाया गेली.

दुसरी फवारणी २० जुलैच्या सुमारास झाली. आंब्याखालचे डाग वाढायचे थांबले. खालचा कोपरा मात्र झपाट्याने गेला. पाव गुंठ्यावरचा पिवळेपणा दीड गुंठ्यापर्यंत पसरला आणि मधलं गवत काळं पडून चिखलात बसलं. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "एकच औषध, एकच दिवस, एकच माणूस. मग अर्धं बरं आणि अर्धं मेलं, असं कसं?" प्रश्न अगदी नेमका होता. औषधाला लॉनच्या दोन भागांनी दोन वेगळी उत्तरं दिली होती, म्हणजे तिथे दोन वेगळे रोग होते. तो फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी निघालो.

पाहणी

सकाळी साडेसहाला लॉनवर पोचलो. हे मुद्दाम. बुरशीचे धागे बघायचे तर पहाटेच्या ओलीत बघावे लागतात, ऊन चढलं की दिसेनासे होतात. आंब्याखालच्या एका डागाच्या कडेला गुडघे टेकून बसलो. डागाच्या मधली पाती सुकलेली, पण कडेची पाती वरून हिरवी आणि बुडाशी तपकिरी होती. दोन बोटांत धरून हलकेच ओढलं की पातं मुळाला न दुखावता अलगद हातात यायचं. बुडाचा पर्णकोष, म्हणजे पात्याचा खोडाला वेढणारा भाग, कुजून गेला होता.

मग खालच्या कोपऱ्यात गेलो. तिथे पाऊल टाकलं की बुटाभोवती पाणी वर यायचं. पहारीने एक गड्डा काढला. वरची दोन इंच माती तांबडी आणि खालची तीन इंच निळसर काळी होती. वास सडक्या अंड्यासारखा. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी आणि पिचपिचीत झालेली. चिमटीत धरून ओढल्यावर मुळाची साल निघून आली आणि आतला दोरा तेवढा राहिला.

पोफळी बघणारे काका हे सगळं लांबून पाहत होते. वय सत्तरीच्या आसपास, त्या घरातलं काम तीस वर्षांपासूनचं. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" ते भिंतीकडे बोट करून म्हणाले, "हयसर पाणी रवता. गडगो होतो तेवा रवत नाय होता." एवढंच. लॉन लावताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही फोनवर औषध सांगताना मालकीणबाईंना विचारलं नव्हतं की पाणी कुठे जातं.

आणखी एक गोष्ट नजरेत भरली. भिंतीच्या पायाशी आपोआप उगवलेली हरळी, आपली दूर्वा, हिरवीगार होती. तिच्याखालची माती उकरली तर तिथे बांधकामातली उरलेली खडी निघाली. दूर्वा चिवट आहेच, पण तिच्या मुळांखालून पाणी वाहून जात होतं, हे त्या कोपऱ्यात फक्त तिच्याच वाट्याला आलं होतं.

दोन्हीकडचे नमुने ओल्या टिश्यू पेपरसोबत वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून रात्रभर ठेवले. सकाळी आंब्याखालच्या नमुन्यावर तपकिरी झाक असलेलं जाळं आलं होतं. कोपऱ्यातल्या मुळांवर पांढरा, कापसासारखा, विरळ तंतू. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र जवळच्या कॉलेजात शिकवतो. त्याच्याकडे दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पहिल्या नमुन्यात धाग्याला काटकोनात फांद्या फुटलेल्या, फांदीच्या मुळाशी किंचित आवळ आणि लगेच आडवा पडदा. ही रायझोक्टोनियाची खूण. दुसऱ्यात धागे आडव्या पडद्यांशिवायचे, आणि मुळाच्या पेशींत जाड कवचाचे गोल बीजाणू. तो पिथियम.

रोग नेमके काय होते

मालकांना हे समजावताना मला लॅटिन नावांपेक्षा कोकणातली पिकं जास्त उपयोगी पडली. भातावर पर्णकोष करपा येतो तो रायझोक्टोनिया सोलानीचा. त्या जातीत अनेक गट आहेत, आणि गवताच्या बुडाशी कुजवणारे गटही त्याच जातीतले. ही बुरशी वाऱ्यावर उडणारे बीजाणू सहसा तयार करत नाही. धाग्यांच्या आणि कठीण गाठींच्या रूपाने ती मेलेल्या काडीकचऱ्यात दबा धरून बसते. पातं दहा-बारा तास ओलं राहिलं आणि युरियाने ते लुसलुशीत केलेलं असलं की ती वर चढते. आंब्याच्या पानांवरून दिवसभर टपकणाऱ्या पाण्याने तिची सोय झाली होती.

पिथियमची गोष्ट सुपारीच्या कोळेरोगातून सांगितली. कोळेरोग करणारी फायटोप्थोरा आणि पिथियम ही चुलत भावंडं. दोघंही दिसायला बुरशीसारखी, पण खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, यांच्या भित्तीत सेल्युलोज, आणि नातं तपकिरी शेवाळांशी जवळचं. यांचे बीजाणू शेपटीने पोहतात, म्हणून साचलेलं पाणी त्यांना रस्त्यासारखं असतं. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनात अडथळा आणतं. पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही. उलट मातीतल्या ज्या बुरश्या पिथियमशी अन्नासाठी झगडतात त्याच मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. कोपरा फवारणीनंतर जास्त बिघडला त्याचं हेही एक कारण असावं असं मला वाटतं. मुख्य कारण भिंत होतं, यात मात्र शंका नाही.

पर्याय

जुलै संपत आला होता आणि हातात साडेतीन महिने होते. घराच्या पडवीत बसून आम्ही एकेक मार्ग बोलून पाहिला.

मालकांचा कल सगळं लॉन उखडून ऑक्टोबरात नव्याने लावण्याकडे होता. मला ते पटलं नाही. साडेसहा गुंठे गवत जगण्यासारखं होतं, आणि भिंत तशीच ठेवून नवीन लाद्या घातल्या असत्या तर पुढच्या आषाढात आम्ही पुन्हा त्याच पडवीत बसलो असतो.

काकांनी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं द्रावण, सुचवलं. पोफळीला ते दरवर्षी एक टक्क्याचं बोर्डो मारतात आणि कोळेरोग आटोक्यात राहतो, तेव्हा भावंडालाही ते लागू पडेल हा त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. पण इथे रोग मुळांत होता, आणि बोर्डो पृष्ठभागावर राहून काम करतं. शिवाय तांबं मातीत साचत जातं, आम्लधर्मी तांबड्या मातीत ते जास्त जाचक ठरतं, गांडुळांना बाधतं. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायाखाली निळं डागाळलेलं गवत कोणालाच नको होतं.

मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं जोड औषध पिथियमवर चालतं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. पाणी हटल्याशिवाय ते ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि सगळ्या लॉनवर ओतण्याचं काही कारण नव्हतं. ठरलं असं, की आधी पाण्याला वाट करायची, मग मेलेला कोपरा आणि जिवंत गवत यांच्यामधल्या चार फुटी पट्ट्यात हे औषध एकदाच द्यायचं. पावसाळ्यात पाहुणे नव्हते, म्हणून तो भाग दोरी बांधून बंद ठेवता येणार होता. कार्यं सुरू झाल्यावर असा प्रश्न आला असता तर मी हे औषध सुचवलं नसतं.

ट्रायकोडर्माचं काय, यावर मालकीणबाई साशंक होत्या. एकदा पैसे गेलेच होते. मी त्यांना खरं ते सांगितलं. ही बुरशी रोगकारक बुरशीभोवती वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडते आणि मुळांजवळची जागा व अन्न आधीच बळकावते. रायझोक्टोनियावरचा तिचा हा परजीवीपणा १९३२ मध्ये वाइंडलिंग या संशोधकाने मांडला, तेव्हापासून तो अभ्यासला गेला आहे. पण ती रोग झाल्यावर घ्यायची गोळी नव्हे. मेलेलं गवत ती उठवत नाही. आधी वस्ती केली तर पुढचा रोग अडवते, तोही पूर्ण नाही.

काय केलं

ऑगस्टच्या पहिल्या उघडिपीत भिंतीला हात घातला. सगळ्यात खालच्या थरातला एकेक चिरा दहा-दहा फुटांवर काढायचा आणि तिथे पीव्हीसी पाइप बसवायचा. पहिला चिरा हलला तसं काळपट पाणी जोरात बाहेर आलं आणि वासाने सगळे मागे सरले. ते व्हाळाकडे धावत असताना काका काही बोलले नाहीत, फक्त कमरेवर हात ठेवून बघत राहिले. भिंतीच्या आतल्या बाजूने फूटभर रुंदीचा चर कातळापर्यंत खणून खडीने भरला. तीन दिवसांत कोपऱ्यात कोरड्या पायाने उभं राहता आलं.

युरिया पूर्ण बंद केला. कापणीची उंची दोन इंचांवर नेली आणि गवत ओलं असताना यंत्र चालवायचं नाही असं ठरवलं. यंत्राच्या पात्यांना धार लावून घेतली. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेल्या टोकातून रोगाला सोपी वाट मिळते. आजारी भाग शेवटी कापायचा, कापलेलं गवत उचलून लांब टाकायचं, यंत्राची चाकं धुऊन ठेवायची. पहिल्या महिन्यात रोग ज्या सरळ पट्ट्यांत पसरला होता, ते पट्टे यंत्राच्या चाकांच्या वाटेने गेले होते.

ट्रायकोडर्मासाठी शेवटच्या कार्बेन्डाझिम फवारणीनंतर महिनाभर थांबलो. या वेळी पाकिटावरची अंतिम तारीख आणि प्रति ग्रॅम जिवंत बीजाणूंचा आकडा बघून घेतला, आणि दुकानात उन्हात मांडलेली पाकिटं नाकारली. दोन किलो पावडर दोनशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली. पडवीच्या सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाकला. चार दिवसांनी उलथापालथ, पुन्हा पाणी शिंपडणं. बाराव्या दिवशी गोणपाट उचललं तर ढिगावर आधी पांढरी आणि मग हिरवी मखमल चढली होती. ताज्या शेणात हे होत नाही, ढीग तापतो आणि बुरशी मरते.

लॉन रोलरने इतकं दाबलेलं होतं, की वरून खत टाकलं असतं तर तसंच वर राहिलं असतं. भोकं पाडायचं यंत्र जवळपास नव्हतं. अर्ध्या इंची लोखंडी पाइपाचं एक टोक तिरकं कापून धार लावली, वर आडवा दांडा जोडला आणि वीत-वीत अंतरावर मातीच्या कांड्या काढल्या. दोन माणसांना त्याला सहा दिवस लागले. त्या भोकांत चाळलेलं ट्रायकोडर्मायुक्त शेणखत आणि धुतलेली जाड वाळू झाडूने सारली. वाळू समुद्राची नव्हती. तिच्यात मीठ असतं, आणि किनाऱ्यावरून ती उचलायलाही बंदी आहे. आंब्याखाली तीन फुटांची एक पट्टी मी मुद्दाम ट्रायकोडर्माशिवाय ठेवली, तिथे नुसतं शेणखत आणि वाळू.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मालकीणबाईंचा घाबरा फोन आला. लॉनवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि कामाला येणारी बाई त्या अळंबी म्हणून खुडायला निघाली होती. मी आधी तेवढं थांबवायला सांगितलं. एक छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून ठेवायला सांगितली. सकाळी कागदावर फिक्या हिरव्या रंगाची नक्षी उमटली. हिरव्या बीजाणूंची ही मोठी छत्री लॉनवर नेहमी येते आणि ती विषारी आहे, खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. वारुळावरची खाण्याची अळंबी वेगळी. या छत्र्या जमिनीतला कचरा कुजवत होत्या, गवताला त्यांचा त्रास नव्हता. पण मुलंबाळं येणाऱ्या घरात त्या रोज उपटून पुरणंच बरं.

ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर आंब्याच्या खालच्या दोन फांद्या काढून कापांना बोर्डो पेस्ट लावली, म्हणजे सकाळचं ऊन गवतापर्यंत पोचेल. दीड गुंठ्याच्या मेलेल्या कोपऱ्यातल्या एका गुंठ्यात त्याच लॉनच्या चांगल्या भागातले गड्डे आणून लावले. लावताना प्रत्येक खड्ड्यात मायकोरायझा घातला. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, ते मुळांना मिळत नाही. मायकोरायझाचे धागे मुळांपलीकडे जाऊन ते आणून देतात आणि बदल्यात गवताकडून साखर घेतात. ही बुरशी मुळाला चिकटली तरच जगते, म्हणून ती लॉनवर फेकून उपयोग नसतो, लागवडीच्या वेळीच द्यावी लागते. आणि स्फुरदाचं रासायनिक खत भरपूर दिलं तर गवत तिला जवळच करत नाही. म्हणून त्या भागाला ते दिलं नाही. उरलेल्या अर्ध्या गुंठ्यावर, अगदी भिंतीलगत, गवताचा हट्ट सोडला. तिथे जांभ्याच्या फरश्या खडीवर सुट्ट्या बसवल्या आणि कडेला भिंतीपाशी आधीपासून असलेली हरळी वाढू दिली.

परिणाम

नोव्हेंबरची दोन्ही कार्यं झाली. लॉन एकसारखं नव्हतं. आंब्याखालचे डाग भरून आले होते, पण नवीन लावलेल्या गुंठ्यात गड्ड्यांमधून माती दिसत होती. मालकांनी त्या भागात जेवणाची टेबलं मांडून वेळ मारून नेली. तो भाग पूर्ण मिटायला फेब्रुवारी उजाडला.

खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात होती. त्या जुलैत आंब्याखाली ट्रायकोडर्मा दिलेल्या भागात दोन लहान डाग आले आणि वाढले नाहीत. मुद्दाम सोडलेल्या तीन फुटी पट्टीत तीन डाग आले, त्यांतला एक परातीएवढा झाला. एका पट्टीवरून फार काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. तरी मालकीणबाई आता मेमध्ये स्वतः ट्रायकोडर्माचा ढीग घालतात. खालच्या कोपऱ्यात पाणी थांबलं नाही आणि मुळंही कुजली नाहीत. त्या वर्षी एकही रासायनिक फवारणी झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोटोवर मी पाच प्रश्न विचारायला हवे होते. पाणी कुठे थांबतं, पातं ओढल्यावर बुडातून येतं की मुळासकट, मातीला वास येतो का, युरिया कधी दिला, डाग सावलीत आहेत की उन्हात. पाचही उत्तरं मालकीणबाईंना पाच मिनिटांत देता आली असती. आता फोटो आला की मी आधी हेच विचारतो, आणि पिशवीत रात्रभर नमुना ठेवून त्याचा सकाळचा फोटो मागतो.

मेटॅलॅक्झिलबद्दल माझं मन अजून साफ नाही. भिंत फोडणं आणि औषध देणं एकाच आठवड्यात झालं, त्यामुळे पट्टा कशामुळे वाचला हे सांगता येत नाही. दोन आठवडे नुसतं पाणी काढून थांबलो असतो तर कदाचित औषधाची गरजच पडली नसती. तेव्हा नोव्हेंबरच्या मुहूर्तांची धास्ती होती आणि तिने निर्णय पुढे ढकलू दिला नाही. तसंच अर्धा पट्टा औषधाविना ठेवता आला असता. आंब्याखाली जे सुचलं ते कोपऱ्यात सुचलं नाही.

आणि गवताची निवड. कातळावर पाच इंच मातीवर, तीन हजार मिलिमीटरच्या पावसात, मेक्सिकनची दाट गादी लावण्याआधी निदान आठ-नऊ इंच वाळूमिश्रित माती आणि खाली खडीचा थर हवा होता. ते खर्चिक आहे, पण नंतर झालेल्या खर्चाच्या मानाने नाही. गडगा पाडला नसता तर बाकीचं बरंचसं घडलंच नसतं.

भिंतीतल्या सहा पाइपांपैकी दोन यंदा मातीने आणि हरळीच्या मुळांनी तुंबले होते. काकांनी बांबूची काठी घालून ते मोकळे केले. पुढच्या वर्षी हे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ढीग घालण्याच्या दिवशीच करायचं असं वहीत लिहून ठेवलं आहे.